दवाखाना बंद झाल्यानंतरचे सोळा महिने

डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून बारा मिनिटं चाललं की एका जुन्या इमारतीच्या तळमजल्याला हा दवाखाना होता. बाहेर दोन बाकं, आत हिरवा पडदा, पडद्याआड तपासायचं टेबल. इमारत रिडेव्हलपमेंटला गेली. डॉक्टर तेव्हा ७४ वर्षांचे. बिल्डर दुसरीकडे गाळा भाड्यानं घेऊन द्यायला तयार होता, पण तीन वर्षांनी पुन्हा सामान उचलायचं आणि ७७व्या वर्षी नव्या इमारतीत दुकान मांडायचं, याला डॉक्टर तयार नव्हते. मुलगी परदेशी, आणि ती या धंद्यातली नाही. त्यांनी दाराला कागद लावला: ‘३१ मार्च २०२२पासून दवाखाना कायमचा बंद. सर्वांचे आभार.’ कंपाउंडरनं महिनाभर आलेल्या प्रत्येकाला तोंडीही सांगितलं. डॉक्टर वारले नाहीत, कुणाशी भांडण झालं नाही, कुणाचा हलगर्जीपणा नव्हता. हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते त्यामुळेच.

पेशंट माझी मामी. वय त्या वेळी ७१. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. परवानगी तिनं स्वतः दिली: “लिही, पण माझे गुडघे नाटकी आहेत असं लिहू नकोस.” मी डॉक्टर नाही, हिशेब लिहिणं हा माझा व्यवसाय. त्यामुळे या प्रकरणात मी केलं ते एवढंच, की तिच्या कपाटातली प्लास्टिकची पिशवी उपडी केली आणि बिलं, चिठ्ठ्या, रिपोर्ट तारखेवार लावले. औषधांबद्दल पुढे जे येईल ते हॉस्पिटलातल्या फिजिशियन बाईंनी मला समजावलेलं आहे.

मामीला बीपी वीस वर्षांपासून, मधुमेह चौदा वर्षांपासून. साखरेसाठी मेटफॉर्मिन दिवसातून दोनदा आणि ग्लिमेपिराइड सकाळी एक, बीपीसाठी टेल्मिसार्टन ४० एक. महिन्याच्या सुरुवातीला पेन्शन काढायची, परतताना डॉक्टरांकडे बसायचं, असा तिचा शिरस्ता. शेवटच्या वर्षात, म्हणजे एप्रिल २०२१ ते मार्च २०२२ या काळात, ती ११ वेळा गेली. फी १५० रुपये. त्यातले दहा रुपये कधी सुटे नसले तर पुढच्या खेपेला.

या ११ भेटींत काय झालं याचा कागद जवळजवळ नाही. बीपी मोजलं, पाय दाबून सूज बघितली, “काय वहिनी, श्रावणात साबुदाणा किती झाला?” असं विचारलं. दोन-तीनदा साखर तपासून आणायला सांगितली. गुडघ्यांसाठी शेक, खुर्चीत बसून करायचे व्यायाम आणि फार झालं तर पॅरासिटामॉल. मामी त्यावर नेहमी कुरकुरायची. शेजारच्या काकूंना एका गोळीत आराम पडतो आणि आमचे डॉक्टर मेले शेकत बसायला सांगतात!

यामागे एक गोष्ट होती, आणि ती मामी विसरली होती. २०१८ साली गावी लग्नात असताना तिनं तिथल्या कुणाकडून डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाच्या गोळ्या घेतल्या, दोन-अडीच आठवडे. परत आली तेव्हा पाय सुजलेले, क्रिएटिनिन (मूत्रपिंडं मंदावली की रक्तात वाढतं ते) १.६. आधी ते १ होतं. डॉक्टरांनी गोळी बंद केली, दीड महिन्यात आकडा १.१वर आला. तिच्या कार्डावर त्यांनी लाल शाईत लिहिलं होतं: ‘पेनकिलर नको.’ कार्ड त्यांच्या खणात. मामीच्या हातात यातलं काहीच नव्हतं. तिच्या दृष्टीनं त्या वेळी पाय सुजले होते ते लग्नातल्या दगदगीनं.

दवाखाना बंद झाल्यावर पहिले पाच महिने ती कुणाकडेच गेली नाही. मला वाटलं होतं, बाकीच्यांसारखी दुसरा डॉक्टर शोधेल. तिनं शोधलाच नाही, आणि नंतर विचारलं तर त्या गल्लीतल्या बऱ्याच म्हाताऱ्या माणसांनीही शोधला नव्हता. तब्येत बरी असताना नव्या डॉक्टरकडे जाऊन “मी आता तुमची पेशंट” असं म्हणायची आपल्याकडे रीतच नाही. नवा डॉक्टर आजारपणात गाठायचा असतो. मग तोवर काय? तोवर केमिस्ट. जुनी चिठ्ठी इतकी घडी पडलेली की मधून फाटलेली, तिच्यावर महिन्याची औषधं मिळत राहिली. यांतली काही औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. चिठ्ठी होतीच की! कधीची, हे कोण बघतो. बीपी मोजणं थांबलं, साखर थांबली. पाच महिन्यांत डॉक्टरच्या फीचा खर्च शून्य. नुसत्या आकड्यांत बघणाऱ्याला वाटेल, बाईंची तब्येत सुधारली.

ऑगस्टच्या अखेरीस ताप आला तेव्हा ती जवळच्या एका तरुण डॉक्टरकडे गेली. ताप गेला, पण ती पुन्हा तिकडे फिरकली नाही. कारण, “हातच लावला नाही रे त्यानं. स्क्रीनकडे बघत होता.” बिचारा कदाचित तिचंच नाव टाइप करत असेल.

नोव्हेंबरमध्ये डोकं जड झालं म्हणून माझा मामेभाऊ तिला एका मोठ्या हॉस्पिटलच्या ओपीडीत घेऊन गेला. फी ८००. बीपी १७०च्या वर. तिथल्या फिजिशियननी काम नीट केलं, हे मुद्दाम नोंदवतो: ईसीजी काढला, रक्ताच्या तपासण्या लावल्या, क्रिएटिनिन १.२ आलं, आणि टेल्मिसार्टनसोबत लघवी वाढवणारं औषध असलेली एकत्र गोळी दिली. आधीच्या गोळीऐवजी ही घ्यायची, हे त्यांना गृहीत असणार. चिठ्ठीवर तसं लिहिलेलं नाही. नवी गोळी दुसऱ्या कंपनीची, नाव वेगळं, रंग वेगळा. मामीनं ती घेतली आणि जुनीही चालू ठेवली. जुनी तर “आमच्या डॉक्टरांची” होती. ती बंद करा असं सांगायचा अधिकार तिच्या लेखी जगात एकाच माणसाला होता, आणि तो आता दवाखान्यात बसत नव्हता.

जानेवारी २०२३. थंडीत गुडघे धरले. हाडांचे डॉक्टर, एक्स-रे, एटोरिकॉक्सिब ही वेदनाशामक गोळी दहा दिवसांसाठी. “आणखी काही औषधं चालू आहेत का?” या प्रश्नाला मामीचं उत्तर: “बीपी-शुगरची नेहमीची.” क्रिएटिनिनची गोष्ट तिला सांगताच आली नसती. दहा दिवसांत गुडघे इतके मोकळे झाले की ती दहा वर्षांत पहिल्यांदा जिन्यानं गच्चीवर पापड वाळत घालायला गेली. पुढे सहा महिने ती गोळी केमिस्टकडून येत राहिली. कधी रोज, कधी दिवसाआड.

वेदनाशामक गोळीनं बीपी वाढतं. मार्चमध्ये ते पुन्हा वर गेलं, म्हणून ओपीडीत अ‍ॅम्लोडिपिनची भर पडली. मग घोटे सुजले. ते अ‍ॅम्लोडिपिननंही सुजतात आणि एटोरिकॉक्सिबनंही, पण पाय सुजले म्हणजे हृदयाचं काहीतरी, असं घरात ठरलं. हृदयविकारतज्ज्ञ, टूडी एको, ईसीजी परत. हृदय उत्तम. मीठ कमी करा. मध्ये पित्ताचा त्रास झाला (तोही एटोरिकॉक्सिबचाच), त्यासाठी कोपऱ्यावरच्या होमिओपॅथी डॉक्टरांकडे दोन फेऱ्या. त्यांनी साखरेच्या गोळ्या दिल्या आणि वर सांगितलं, “तुमची बीपी-शुगरची औषधं मी बदलणार नाही, ती एका फिजिशियनकडे दाखवा.” सबंध सोळा महिन्यांत ‘एका’ हा शब्द उच्चारणारे ते एकटेच. दुसरीकडे केमिस्टनं आपणहून पित्ताची गोळी, पँटोप्राझोल, दिली.

हिशेब मांडला तेव्हा असं दिसलं. दवाखाना चालू असतानाच्या शेवटच्या वर्षात ११ भेटी, एक डॉक्टर, १६५० रुपये. नंतरच्या सोळा महिन्यांत नऊ भेटी, पाच डॉक्टर, फी आणि तपासण्या मिळून साडेअठरा हजारांच्या आसपास, औषधं वेगळी. भेटी कमी, खर्च अकरापट. पाचही डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या तर कुठे बोट ठेवता येत नाही. प्रत्येकानं आपल्यापुढच्या तक्रारीला योग्य तेच दिलं. ओळीनं लावल्यावर मात्र दिसतं, की दुसऱ्याचं औषध जुन्या डॉक्टरांच्या औषधाला धरून नाही आणि चौथ्याकडची तक्रार ही तिसऱ्याच्या गोळीची. ओळीनं लावायचं काम आधी कोण करत होतं, हे मला पिशवी उपडी केल्यावर कळलं.

जुलैच्या शेवटी, पावसात, मामीला जुलाब लागले. दोन दिवस नीट जेवण नाही, पाणी पोटात ठरत नाही. गोळ्या मात्र नेमानं, सगळ्या. तिसऱ्या रात्री तीनच्या सुमारास मामेभावाला आवाज आला. मामी पलंगावर बसलेली, घामानं नायटी भिजलेली, आणि वारलेल्या मामाला उद्देशून बोलतेय की दुधाचे पैसे द्यायचे राहिलेत. जीभ जड. त्यानं मला फोन केला, “पॅरालिसिसचा अ‍ॅटॅक आलाय बहुतेक.” रिक्षानं कॅज्युअल्टी. तिथल्या मुलीनं, मुलगीच ती, पंचविशीची असेल, बोटाला टोचून साखर बघितली: ४२. शिरेतून ग्लुकोज चढवल्यावर दहा मिनिटांत मामीनं विचारलं, “मला इथे का आणलंय?”

तरीही डोक्याचा सीटी स्कॅन झाला, आणि जीभ जड असताना तो करणं चूकही नव्हतं. क्रिएटिनिन २.३. दोन दिवस आयसीयू, कारण ग्लिमेपिराइडनं उतरलेली साखर एकदा वर आणली तरी पुन्हा उतरू शकते, आणि मूत्रपिंडं मंदावलेली असली की ते औषध शरीरात आणखी रेंगाळतं. नंतर तीन दिवस वॉर्ड. बिल १ लाख १८ हजार. मेडिक्लेम नव्हता.

चौथ्या दिवशी फिजिशियन बाईंनी घरातली असतील नसतील तेवढी औषधं घेऊन या म्हणून सांगितलं. मी पिशवी नेली. त्यांनी पलंगावरच्या जेवणाच्या टेबलावर सगळ्या स्ट्रिप मांडल्या. अकरा. त्यांतल्या दोन उचलून माझ्यापुढे धरल्या आणि मागची बारीक अक्षरं वाचायला लावली. दोन्ही टेल्मिसार्टन. मग तिसरी उचलली, एटोरिकॉक्सिब. त्यांनी समजावलं ते असं: टेल्मिसार्टन, लघवीचं औषध आणि वेदनाशामक, ही तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंडाच्या गाळणीतला दाब सांभाळण्याची शरीराची प्रत्येक युक्ती बंद पडते. एरवी निभावतं. जुलाबानं अंगातलं पाणी गेलं की निभावत नाही. मूत्रपिंडं मंदावली, साखरेची गोळी साठली, पोटात अन्न नाही. “यांना आधी कधी पेनकिलरचा त्रास झाला होता का?” असं त्यांनी विचारलं, आणि मामी म्हणाली, “छे.”

नंतर मी या विषयावर जरा वाचलं. एक आमच्याच नशिबी आलं की असं होतंच, हे बघायचं होतं. अमेरिकेत मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी विम्यातल्या नोंदींवरून २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीच्या डॉक्टरनं काम सोडल्यावर त्याच्या पेशंटांचं पुढच्या वर्षी काय झालं? नेहमीच्या साध्या भेटी सुमारे १८ टक्क्यांनी घटल्या, तज्ज्ञांकडच्या भेटी ६ टक्क्यांनी वाढल्या, तातडीच्या दवाखान्यांतल्या जवळपास १८ टक्क्यांनी, हॉस्पिटलच्या इमर्जन्सीतल्या ३ टक्क्यांनी. आमच्या पिशवीचाच हा मोठा नकाशा. या अभ्यासाचं मला पटलेलं बलस्थान म्हणजे इथे डॉक्टर गेला आहे, पेशंट सोडून गेलेला नाही. एरवी डॉक्टर वारंवार बदलणारा माणूस मुळातच जास्त आजारी किंवा जास्त नाराज असू शकतो आणि मग दोष नक्की कशाला द्यायचा ते कळत नाही.

नॉर्वेचा अभ्यास जास्त गाजला. तिथे २००१पासून प्रत्येक नागरिकाला ठरलेला डॉक्टर असतो, त्याच्या यादीत तुमचं नाव असतं. सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदी तपासून २०२२मध्ये छापलेला निष्कर्ष: एकाच डॉक्टरकडे पंधरा वर्षांहून जास्त काळ असलेल्यांना, वर्षभरच झालेल्यांच्या तुलनेत, रात्री-अपरात्री तातडीची सेवा लागण्याची शक्यता ३० टक्क्यांनी कमी, अचानक दाखल होण्याची २८ टक्क्यांनी कमी, आणि मृत्यूची २५ टक्क्यांनी कमी. इथे वर सांगितलेली शंका थोडी उरतेच. मला त्यातली यादीची कल्पना महत्त्वाची वाटते. डॉक्टर गेला तरी यादी राहते, ती पुढच्याकडे जाते. आपल्याकडे डॉक्टर जातो तेव्हा यादीच नसते. कोण कुणाचं पेशंट होतं हे फक्त त्या दोघांना ठाऊक.

आणि कार्डं? दिवाळीत मी डॉक्टरांच्या घरी गेलो. त्यांनी मला ओळखलं नाही, मामीचं नाव सांगितल्यावर मात्र लगेच म्हणाले, “गुडघे कसे आहेत?” झालेलं सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. चारेकशे कार्डं त्यांनी वर्षभर माळ्यावर ठेवली होती, मग घराला रंग काढला तेव्हा फाडून रद्दीत घातली. फाडली, म्हणजे कुणाचं काही कुणाच्या हाती पडू नये. नियमानं त्यांनी चूक काही केलेली नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमावलीत नोंदी तीन वर्षं जपायला सांगितलं आहे, पण ते दाखल केलेल्या पेशंटांच्या बाबतीत. पेशंटनं मागितली तर कागदपत्रं ७२ तासांत द्यायची, हेही आहे. बाह्यरुग्ण कार्डांच्या खणाबद्दल, दवाखाना बंद करताना पेशंट कुणाच्या हवाली करायचे याबद्दल, त्यात काही सापडत नाही. आणि मागायचं तरी कसं? मामीला आपलं कार्ड आहे, त्यावर लाल शाई आहे, हेच माहीत नव्हतं.

“महिनाभर हातात होता,” डॉक्टर म्हणाले. “दिवसाला दहा चिठ्ठ्या लिहिल्या असत्या तरी बीपी-शुगरवाले सगळे झाले असते. औषधं, काय सोसत नाही, शेवटची क्रिएटिनिन. पाच ओळी. त्या महिन्यात मी फर्निचर विकत होतो.”

त्यांच्याबद्दल एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी, नाहीतर हे प्रकरण हळवं होईल. मामी दाखल असताना डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलावलं गेलं. बाहुल्या मोठ्या करून बघितलं तर दोन्ही पडद्यांवर मधुमेहाच्या खुणा होत्या, एका डोळ्यात पुढे सरकलेल्या. चौदा वर्षांच्या मधुमेहात तिचा पडदा याआधी एकदाही तपासला गेला नव्हता. लघवीतल्या प्रथिनाची तपासणीही नाही. मी डॉक्टरांना हेही सांगितलं. ते म्हणाले, “सांगितलं असेन मी त्यांना.” असेलही. रोज बघणाऱ्या माणसाला रोजचं माणूस ठीकच दिसतं. नव्या नजरेनं जे पकडलं ते त्या नजरेचं श्रेय, आणि दवाखाना बंद झाला नसता तर डोळ्याचं कदाचित आणखी उशिरा कळलं असतं. नफ्या-तोट्याच्या वहीत ही ओळ जमेच्या बाजूला पडते. मला तरी ती १ लाख १८ हजारांच्या समोर मांडून वजाबाकी करता आलेली नाही.

घरी आल्यावर दोन गोष्टी केल्या. एक, फिजिशियन बाईंकडून औषधांचा एक कागद लिहून घेतला. पहिल्या ओळीत ‘वेदनाशामक गोळ्या व इंजेक्शन नको, मूत्रपिंडाला त्रास (२०१८, २०२३)’. त्याची एक प्रत मामीच्या पर्समध्ये, एक फ्रिजवर, एक केमिस्टकडे. केमिस्टनं ती काउंटरच्या काचेखाली सरकवली, आणि आणखी कुणाकुणाचे असे कागद मिळाले तर बरं होईल असं म्हणाला. स्ट्रिप अकराच्या पाच झाल्या. ग्लिमेपिराइड गेली.

दुसरी गोष्ट अवघड होती: बरं असताना डॉक्टर शोधायचा. पलीकडच्या गल्लीत एमबीबीएस बाई आहेत, चाळिशीच्या आतल्या. पहिल्या दिवशी मी बरोबर गेलो. मामीनं खुर्चीत बसल्याबसल्या सांगितलं, “मला काही झालेलं नाही.” बाईंनी मान डोलावली, कागद वाचला, आणि पाय दाबून सूज बघितली. बाहेर आल्यावर मामी म्हणाली, “हात लावते ही.” फी ३००. मामीच्या मते जास्त आहे.

चार महिन्यांनी क्रिएटिनिन १.३ होतं, त्याखाली ते आलेलं नाही. एका डोळ्याला लेसर झालं. गुडघे दुखतात, शेक चालू आहे, पापड शेजारच्या काकू वाळत घालतात. मध्ये दोन महिने ती बाईंकडे गेली नव्हती. मी जरा आवाज चढवून कारण विचारलं, तर काँक्रीटीकरणासाठी गल्ली खणून ठेवली होती आणि फळीवरून जायची तिला भीती वाटत होती. तेवढ्या दोन महिन्यांची औषधं केमिस्टनं कागद बघून दिली.